प्रोप्रायटर : सौ.

नरडाण्यात कुणालाही 'काय करता?' असं विचारलं तर मिळणारं उत्तर खरं असतं, पण पुरं नसतं. माणूस सांगतो, शाळेवर आहे, कंपनीत ऑपरेटर आहे, कचेरीत क्लार्क आहे. ऐकणाऱ्याला हे माहीतच असतं. तो मान डोलावतो, तंबाखू मळून होईपर्यंत थांबतो आणि मग खरा प्रश्न टाकतो, "ते ठीक शे भो, आखो काय करतस?" इथे मात्र सांगणारा खुर्ची पुढे ओढतो, आवाज खाली आणतो आणि खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढतो. नोकरीबद्दल बोलताना वाकलेली त्याची पाठ जोडधंद्याबद्दल बोलताना सरळ होते.

गावाची जागाच तशी आहे. शिंदखेडा तालुक्यातलं हे गाव. एका अंगाला मुंबई–आग्रा महामार्ग, दुसऱ्या अंगाला सुरत–भुसावळ रेल्वे, शेजारी एमआयडीसी. रात्रंदिवस इथून काही ना काही जात असतं. ट्रक जातात, मालगाड्या जातात, टँकर जातात, आणि त्यातलं काहीही आपलं नसतं. एवढा माल रोज डोळ्यांदेखत पुढे सरकत असताना आपलाही एखादा खोका त्यात असावा, असं माणसाला वाटलं तर त्याचा काय दोष? त्यात निम्मी नोकरदार जनता अपडाउनवाली. धुळ्याहून, शिरपूरहून, अमळनेरहून येणारी. अपडाउनवाल्याला रोज जाता-येता विचार करायला भरपूर वेळ असतो, आणि फार विचार केला की माणूस धंदा काढतो.

त्यामुळे इथे धंद्यांचे प्रकार पुष्कळ. सेकंड शिफ्टचा ऑपरेटर सकाळी म्हशीचं दूध घालतो. शिपाईभाऊ पोळ्याच्या आधी बैलांचा साज आणि दिवाळीच्या आधी आकाशकंदील विकतात. विम्याचे एजंट तर इतके झालेत की हल्ली ते एकमेकांचाच विमा उतरवतात. शेअरवाल्यांचं एक वेगळं टोळकं आहे. त्यांचं तीर्थक्षेत्र याच रेल्वेमार्गावरचं अमळनेर. विप्रोचा जन्म तिथला, २९ डिसेंबर १९४५ चा, आणि तोही वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. ज्यांनी त्या वेळी चार शेअर घेतले आणि विकायचं विसरून गेले, ते अमळनेरकर पुढे मालामाल झाले. अख्ख्या खान्देशात याहून यशस्वी जोडधंदा झाला नाही, आणि त्यात काही करायचंच नव्हतं, हे विशेष. आता आमच्याकडे प्रत्येकाच्या आजोबांना ते शेअर कुणीतरी देऊ केले होते आणि प्रत्येकाच्या आजोबांनी 'तुपाच्या कागदाचं काय करू?' म्हणून परत पाठवले होते. इतक्या आजोबांनी खरंच नकार दिला असता, तर कारखान्याला तुपाचं पहिलं पातेलंसुद्धा चढवता आलं नसतं.

आणि प्लॉटवाले. धुळ्याहून नरडाण्यापर्यंत नवा रेल्वेमार्ग यायचा आहे. त्यात सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड–इंदूर हा ३०९ किलोमीटरचा मार्ग मंजूर केला आणि आमच्या गणिताच्या सरांनी त्याच आठवड्यात खडू खाली ठेवून मोजणीची साखळी हातात घेतली. 'स्टेशनला लागून' म्हणून त्यांनी मला एक प्लॉट दाखवायला नेलं. तिथून गाडीची शिट्टी ऐकू येत होती हे कबूल, पण वारा आपल्या बाजूचा असेल तरच.

असो. मला सांगायचं आहे ते या सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एका शब्दाबद्दल : 'कमी भांडवलात'. हा शब्द उच्चारल्याशिवाय आमच्याकडे धंद्याची गोष्ट सुरूच होत नाही. आणि हा शब्द आला की पाठोपाठ थोर पुरुष येतात.

पहिले अर्थातच जळगावचे भवरलालजी जैन. खान्देशातल्या धंद्याच्या कुठल्याही गप्पा त्यांच्या नावाशिवाय आटोपत नाहीत. १९६३ साली ७,००० रुपयांवर त्यांनी रॉकेलचा व्यापार सुरू केला. पुढे पपईच्या चिकापासून पेपेन, मग पाइप, मग ठिबक. ही गोष्ट आमच्या कचेरीतले एक भाऊसाहेब इतक्या वेळा सांगतात की ऐकणाऱ्याला रॉकेलचा वास येऊ लागतो. त्यात दोन तपशील ते बेमालूम गाळतात. एक म्हणजे ते ७,००० रुपये घराण्यातल्या तीन पिढ्यांनी साठवलेले होते. १९६३ मधले सात हजार! त्या काळच्या कारकुनाने सगळा पगार शिल्लक टाकला असता तरी वर्षांमागून वर्षं गेली असती. दुसरा तपशील असा की सरकारी अधिकाऱ्याची नोकरी समोर आलेली असताना त्यांनी ती घेतली नव्हती. हा दुसरा तपशील काढला की भाऊसाहेबांना एकदम एखादी फाइल आठवते.

दुसरे करसनभाई पटेल. हे जवळचे वाटतात, कारण एक तर गुजरात इथून हाकेवर, आणि दुसरं म्हणजे ते चक्क सरकारी खात्यात नोकरीला होते. १९६९ मध्ये घरामागे धुण्याची पावडर तयार करायची आणि सायकलवर दारोदार तीन रुपये किलोने विकायची. निरमा. भाऊसाहेबांनी या गोष्टीतून स्फूर्ती घेऊन सायकल दुरुस्त करून आणली होती. पुढे ती त्यांच्या मुलाने क्लासला नेली.

पण मला सगळ्यांत आवडते ती लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट, कारण नोकरी सांभाळून जोडधंदा कसा करावा याचा तो आपल्या मराठी मुलखातला मूळ नमुना. लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. सायकल ही तेव्हा नवलाची चीज. मुंबईत सायकल खरेदी करायची आणि बेळगावला धाडायची. १८८८ हे साल किर्लोस्कर मंडळी आपल्या उद्योगाचं जन्मसाल मानतात. पुढे त्यांची बढती डावलून भलत्याच माणसाला दिली गेली तेव्हा त्यांनी नोकरीला रामराम ठोकला. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. मग १९१० ची किर्लोस्करवाडी. हे सगळं पुस्तकात असतं. पण मुंबईहून निघालेली सायकल बेळगावात कोण उतरवून घेत होतं? गिऱ्हाइकाशी घासाघीस कोण करत होतं? सायकल घेणाऱ्याला चालवायला शिकवत, तो पडला की उचलत कोण होतं? बेळगावात बंधू रामूअण्णा होते. किर्लोस्करांचा मोठेपणा असा की त्यांनी पाटीवर लिहिलं 'किर्लोस्कर ब्रदर्स'. भावांचं म्हणून पाटीवर आलं.

ही गोष्ट कळल्यापासून मी एक करतो. कुणी मला 'नोकरी सांभाळून, कमी भांडवलात' असं सांगायला लागला की मी एवढंच विचारतो, "बेळगावला कोण आहे?"

आमच्या भाऊसाहेबांचं बेळगाव त्यांच्या स्वयंपाकघरात होतं.

त्यांनी धंदा ठरवला पापडांचा. उडदाचे पापड, नागलीचे पापड, ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या कुरडया. खान्देशी माल, पुण्या-मुंबईत मागणी, टिकाऊ, आणि भांडवल (इथे त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत काहीच नाही इतकं अंतर दाखवलं) कमी. कचेरीत दुपारच्या डब्याच्या वेळी एका जुन्या परिपत्रकाच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी हिशेब मांडला. उडीद डाळ इतकी. पापडखार, मिरी, जिरं इतकं. पिशव्या आणि स्टिकर इतके. दळण इतकं. मग एक ओळ होती : 'मजुरी – घरची'. तिच्यापुढे शून्य. त्याखाली 'ऊन – शून्य'. शेवटी नफ्याचा आकडा आला तो इतका मोठा होता की त्यांनी तो पंजाने झाकला आणि दाराकडे पाहिलं.

"यात चूक आहे का काही?" त्यांनी मला विचारलं.

"उन्हाची ओळ बरोबर आहे," मी म्हणालो.

नंतर कायद्याची बाजू आली. आमच्यासारख्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू. त्यातला नियम १६ सांगतो की शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कुठलाही व्यापारधंदा करू नये आणि दुसरी नोकरीही पत्करू नये. कुटुंबातलं कुणी धंदा करत असेल तर तसं शासनाला कळवावं. कळवलं म्हणून मोकळीक मिळाली असं नाही. बायकोच्या विमा किंवा कमिशन एजन्सीसाठी नवऱ्याने गिऱ्हाइकं गोळा केली तर तोही नियमभंगच. ज्याने कुणी हा नियम लिहिला त्याने एक तर दुपारच्या डब्याची वेळ जवळून पाहिली असावी, किंवा स्वतः पुष्कळ पॉलिसी नाइलाजाने घेतल्या असाव्यात.

याच नियमात दोन खिडक्या उघड्या ठेवल्यात. सामाजिक किंवा धर्मादाय स्वरूपाचं मानद काम परवानगीशिवाय चालतं, आणि अधूनमधून केलेलं साहित्यिक, कलात्मक वा वैज्ञानिक कामही चालतं. फक्त कचेरीच्या कामाला बाध येता कामा नये. प्रस्तुत लेख मी दुसऱ्या खिडकीतून लिहीत आहे. मराठीत लिहिल्याने कुणी व्यापारी होत नाही याची शासनाला १९७९ मध्येच खात्री पटलेली होती.

तेव्हा भाऊसाहेबांनी, या वाटेने जाणारे सगळे जे करतात तेच केलं. धंदा सौभाग्यवतींच्या नावावर टाकला. कार्ड छापून आलं. वर मुलीच्या नावाने गृहउद्योग, मधे गणपती, खाली 'प्रोप्रा. सौ.' आणि पुढे वहिनींचं पूर्ण नाव. त्याखाली दोन मोबाइल नंबर, दोन्ही भाऊसाहेबांचे. मग ते कागदपत्रांच्या मागे लागले, आणि त्यात मात्र त्यांची कुणी बरोबरी करू शकत नाही. अन्नसुरक्षेची नोंदणी काढली. तेव्हा बारा लाखांच्या आतली उलाढाल असेल तर वर्षाला १०० रुपये पडत. त्यांनी पाच वर्षांची एकदम भरून टाकली. उद्यम नोंदणी काढली. १ जुलै २०२० पासून ती आधार नंबरावर फुकट होते, आणि फुकट असल्यामुळे त्यांनी ती दोनदा करून पाहिली. दुसऱ्यांदा झाली नाही. मुद्रा कर्जाची चौकशी केली. त्यात 'शिशु' गट ५० हजारांपर्यंतचा, हे कळल्यावर ते थोडे दुखावले. मालाच्या जीएसटीची नोंदणी ४० लाखांच्या वर लागते, तरी एका सीएला विचारून ठेवलं. "वेळेवर धावपळ नको," म्हणाले. तोवर एकही पापड लाटला गेलेला नव्हता. प्रोप्रायटरलाही अजून बातमी नव्हती.

बातमी वहिनींना सहीच्या वेळी मिळाली. हा प्रसंग भाऊसाहेबांनीच मला सांगितला, त्यामुळे त्यात त्यांची बाजू थोडी बरी आलेली असणार.

"अहो, ही सही कशावर?"

"धंदा काढतोय. तुझ्या नावावर. तू मालकीण."

"कसला धंदा?"

"पापड, कुरडया, बिबडे. तुझ्या हातचे."

वहिनींनी कागद खालून वर वाचला. मग म्हणाल्या, "सासूबाई होत्या तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी हेच तर करते आहे. तेव्हा तुम्ही विचारायचे, दिवसभर घरी काय करतेस?"

सही मात्र त्यांनी केली. आणि सही केल्यावर तो कागद परत न देता आपल्या कपाटात ठेवला. भाऊसाहेबांनी त्या वेळी या गोष्टीकडे विशेष लक्ष दिलं नाही.

एप्रिलच्या शेवटाला काम सुरू झालं. खान्देशात त्या दिवसांत पारा नळी फोडून बाहेर यायला बघतो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. वाळवणाला मात्र याहून बरं ऊन जगात नाही. पहिल्या कुरडया. तीन दिवस भिजवलेले गहू, रोज पाणी बदललेले, वाटून, गाळून, रात्रभर ठेवलेला चीक. पहाटे वरचं पाणी ओतून टाकायचं आणि खालचा पांढराशुभ्र चीक शिजवायला घ्यायचा. सोनगीर जवळ असल्याने आमच्याकडे पितळी भांड्यांची ददात नाही. घरातलं सगळ्यांत मोठं कल्हईचं पातेलं चुलीवर चढलं. चीक शिजताना हात थांबवायचा नसतो. थांबला की गाठी. वहिनी दोन्ही हातांनी लाकडी काठी फिरवत होत्या, पदर कमरेला, चेहरा धुरात. आणि बाजूला वाटी घेऊन घरातली माणसं बसली होती. गरम चीक, त्यावर तेल किंवा दूध-साखर, ज्याला जे आवडेल ते. मालक, मालकांचा मुलगा, मुलगी, मालकांचे धाकटे बंधू आणि 'सहज आलो होतो' म्हणून मी. आम्ही उठलो तेव्हा पातेल्यात कुरडया होण्याजोगा जो चीक उरला होता, त्याला उत्पादन म्हणणं जिवावर येत होतं.

पापडांचं याहून वाईट. उडदाचं पीठ घट्ट भिजवायचं, तेलाचा हात लावून वरवंट्याने कुटायचं, कुटून कुटून ते मऊ झालं की त्याची लांब सुरळी वळायची. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं, दुसरं हातात, आणि खटाखट लाट्या कापायच्या. या लाट्या कच्च्याच तेलात बुडवून खाण्यासाठी खान्देशी माणूस काय वाटेल ते करू शकतो. आल्या-गेल्याच्या हातात लाटी देणं ही रीतच. भाऊसाहेब स्वतः दर फेरीला एक उचलत होते. "क्वालिटी बघावी लागते," म्हणाले. धंद्यात भांडवल खाल्लं गेलं असं आपण ऐकतो. इथे ते तेल लावून खाल्लं जात होतं.

खरी पंचाईत मात्र पापड लाटायला बसल्यावर झाली. आमच्याकडे वाळवण एकटीने करायचं कामच नाही. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, पोळपाट-लाटणं काखेत मारून गल्लीतल्या बाया येतात. गप्पा होतात, गाणी होतात, मधे चहा आणि लाट्या, आणि कुणी कुणाला एक पैसा देत नाही. भाऊसाहेबांच्या कागदावर 'मजुरी – घरची' लिहिलं होतं त्यात ही अख्खी गल्ली धरलेली होती. ठरल्याप्रमाणे बाया आल्या, बसल्या. त्यांच्यातल्या सगळ्यांत मोठ्या जिजींनी लाटणं हातात घेतलं आणि भिंतीला लावलेला नवा फ्लेक्स पाहिला. त्यावर मुलीचं नाव, गणपती, दोन नंबर. जिजींनी लाटणं खाली ठेवलं.

"हाई घरनं काम शे का धंदानं?"

कुणी काही बोलेना. भाऊसाहेब दारातून म्हणाले, "जिजी, घरचाच धंदा समजा."

"धंदानं व्हई ते मंग रोज कितला?"

हा प्रश्न मला अर्थशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात इतक्या कमी शब्दांत भेटलेला नाही. घरचं काम असेल तर जिजी दिवसभर फुकट लाटतील, वर स्वतःच्या घरून दही आणतील. पण माल विकला जाणार असेल तर रोज ठरला पाहिजे. यात त्यांना लोभ नव्हता की राग नव्हता. दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवायच्या होत्या, इतकंच. भाऊसाहेब मात्र असे गडबडले की कागद आणायला आत गेले. ते बाहेर येईपर्यंत वहिनींनी रोज ठरवूनही टाकला होता. अडीचशे, दुपारचं जेवण आणि लाट्या मोजून दोन. लाट्यांची अट जिजींनी घातली नव्हती, वहिनींनीच घातली होती. भाऊसाहेबांच्या कागदावर 'घरची' या शब्दापुढचं शून्य खोडून खोडून कागदालाच भोक पडलं.

विक्रीचं खातं भाऊसाहेबांनी स्वतःकडे ठेवलं होतं. बाजारपेठ म्हणजे आमची कचेरी. इथे नियम १६ आडवा येऊ नये म्हणून ते कुणाला 'घ्या' म्हणत नसत. फक्त डबा उघडताना भाजलेला पापड मोठ्याने मोडत. कर्रकन आवाज झाला की चार टेबलांवरच्या माना वळत. बाकीचं काम पापड करी. पहिल्या आठवड्यात झालेला खप पाहून भाऊसाहेबांनी दोन बोटांची चिमटी आणखी आवळली. पण आमच्या कचेरीत प्रत्येकच जण काही ना काही विकतो, ही गोष्ट त्यांच्या हिशेबातून सुटली होती. आस्थापनावाल्याने पापड घेतले आणि पैशांऐवजी मध दिला. आवक-जावकच्या ताईंनी बिबडे नेले आणि त्या बदल्यात त्यांच्याकडच्या दोन नायटी भाऊसाहेबांच्या गळ्यात आल्या. आल्या म्हणजे, विकायला. गणिताच्या सरांनी शाळेतून माणूस पाठवून कुरडया नेल्या आणि 'प्लॉटच्या टोकनमध्ये धरा' असा निरोप दिला. साहेबांना नमुना म्हणून दोन किलो दिले. नमुना त्यांना आवडला, आणि ते दर सोमवारी नमुना मागू लागले. उरलेल्यांनी 'एक तारखेला' असं सांगितलं. महिन्याअखेर आम्ही खोलात जाऊन पाहिलं तेव्हा एकच पाचशेची नोट मध, पापड, नायटी, विमा अशा क्रमाने सगळ्या टेबलांवर फिरून ज्याची त्याच्याकडे परत आली होती. धंदा मात्र सगळ्यांचा झाला होता.

आणि पगार होता म्हणून हे सगळं चाललं होतं. उडीद डाळीचं वाण्याचं बिल पगारातून. जिजींचा रोज पगारातून. फ्लेक्स पगारातून. एक तारखेचा भरवसा नसता तर वाण्याने उधार दिलं नसतं आणि सहकाऱ्यांनी उधार नेलं नसतं. ज्याला भाऊसाहेब कमी भांडवल म्हणत होते ते म्हणजे निवृत्तीपर्यंत दर महिन्याला येणारा सातव्या वेतन आयोगाचा पगार, राहतं घर, वरची गच्ची आणि वीस वर्षं हात बसलेली एक बाई. एवढं भांडवल असतं तर किर्लोस्करांनी सायकलींऐवजी आगगाड्या विकल्या असत्या.

मे महिन्याच्या मध्यावर वहिनींनी कपाटातला कागद बाहेर काढला. प्रोप्रायटर कोण ते त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतंच. त्यांनी कचेरीची उधारी बंद केली, साहेबांचा नमुना बंद केला आणि फ्लेक्सवरच्या एका नंबरावर चिकटपट्टी लावून आपला नंबर लिहिला. मग जिजींना बरोबर घेऊन त्या महामार्गावरच्या ढाब्यांवर गेल्या. शेवभाजीबरोबर पापड लागतोच, आणि ढाबेवाला तो रोज घेतो, रोख घेतो. एमआयडीसीतल्या मुलांना डबे पुरवणाऱ्या दोन खाणावळी धरल्या. लग्नसराई होतीच. रुखवतात ठेवायला रंगीत कुरडया आणि परातीएवढाले पापड लागतात, त्याच्या ऑर्डरी घेतल्या. आणि अपडाउनवाल्या बायका! सुरत–भुसावळ मार्गावरच्या पॅसेंजरच्या लेडीज डब्यात शिक्षिका, नर्सताई, अंगणवाडीताई यांची जी सभा रोज भरते तिथे वहिनींच्या एका भाचीने फक्त एकदा डबा उघडला. दोंडाईच्याच्या मिरचीचे तिखट बिबडे होते. पाळधीपर्यंत बातमी पोचली.

भाऊसाहेबांकडे आता वाहतूक खातं आहे. रविवारी पहाटे स्कूटरला दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवून ते ढाब्यांवर माल टाकतात. परत येऊन गच्चीवर छत्री घेऊन बसतात आणि कावळे हाकलतात. कचेरीत त्यांना कुणी अजून भवरलालजींची गोष्ट सांगायला सांगितली की ते सांगतात, पण सात हजारांशी येऊन थांबतात आणि 'तीन पिढ्यांचे होते हो ते' असं हळूच म्हणतात. पापडाचा भाव विचारला तर म्हणतात, "घरी विचारून सांगतो."

परवा त्यांनी मला वहिनींची हिशेबाची वही दाखवली. चोरून आणली होती. शाळेची शंभरपानी वही, पण हिशेब असा की आमच्या लेखा विभागाने शिकवणी लावावी. डाळ, तेल, गॅस, पिशव्या. 'मजुरी' असं ठळक लिहून खाली पाच बायांची नावं, तारखा, रोज, आणि पुढे त्यांची सही किंवा अंगठा. पहिलं नाव वहिनींचं स्वतःचं. त्यांनी स्वतःलाही रोज लावला होता, तोही एप्रिलपासूनचा. सगळ्यांत शेवटी लिहिलं होतं : 'हे – रविवार – अर्धा रोज'.

"अर्धा का?" मी विचारलं.

"दुपारी जरा डोळा लागला होता. कावळ्यांनी एक चादर साफ केली." भाऊसाहेब खिन्न झाले. पण ती खिन्नता अर्ध्या रोजाची नव्हती. त्यांना नियम १६ आठवला होता. बायकोने रोज लावला, तो आपण घेतला, म्हणजे शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय आपण खाजगी नोकरी पत्करली. आता विभागीय चौकशी लागली तर? त्यांनी रात्री घरी हा मुद्दा मांडला. नियमाचं पुस्तकच समोर ठेवलं. वहिनींनी चष्मा लावून तो नियम सावकाश वाचला, अगदी खालच्या परंतुकापर्यंत. मग पेन मागितलं, वहीतला 'अर्धा रोज' खोडला आणि त्याच्या जागी लिहिलं 'मानद'.

आणि पुढच्या रविवारी पहाटे पाचला, बाध न येता, उठवलं.